सासूच्या खाटेजवळ जावई

अर्जुनी मोरगावच्या स्टेशनावरून दोन कोस चालत गेलं की आमचं गाव लागतं. तिथे दुधराम राहायचा. तीन एकर धानाच्या बांध्या, एक बैलजोडी, बायको मंदा आणि दोन लेकरं, एवढा त्याचा संसार. पण पंचक्रोशीत त्याला शेतकरी म्हणून कोणी ओळखत नसे. दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरायची, मंडईत दंडारीचा, नाच-गाण्याच्या नाटकाचा, खेळ व्हायचा, आणि आमच्या दंडारीत राणी व्हावं ते दुधरामनेच. बाईने खेळात उभं राहायची तेव्हा सोयच नव्हती. दुधराम लुगडं नेसून, गंगावन लावून, मान जराशी तिरकी करून पुढे आला की पहिल्या रांगेतले म्हातारे टोप्या सरळ करत.

या राणीपायी एक माणूस मात्र त्याच्यावर कायमचं रुसलं होतं. त्याची सासू फुलवंताबाई.

फुलवंताबाई चिचगडची. नवरा लवकर गेला. एकुलती एक मंदा तिने मोहफुलं वेचून, तेंदूपानाचे पुडे बांधून वाढवली. मंदाचं लग्न झालं त्या वर्षीच्या मंडईत आमची दंडार चिचगडला गेली. फुलवंताबाई बायकांत बसली होती. राणी आली, वळली, लाजली, आणि फुलवंताबाई भान विसरून शेजारणीला म्हणाली, "कोनाची पोर आहे वं? अशी सून भेटाले नशीब लागते." शेजारीण पदराआड हसत म्हणाली, "सून नाही वं बाई, थो तुहा जवाई आहे."

त्या दिवसापासून अकरा वर्षं तिने जावयाचं तोंड धड पाहिलं नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका जावयाशी तोंडावर बोलत नसतच. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, पाठ अर्धी वळवायची आणि मध्ये कोणाला तरी घालून बोलायचं, अशी रीत. फुलवंताबाईला ही रीत फार सोयीची पडली. "मंदे, इचार जवाईबापूले, भाकर घेतेत का?" इतकं ती बोलायची. मंदा घरात नसली तर जावई उपाशी.

सन चोपन्नच्या चैत्रात मोहफुलं वेचता वेचता फुलवंताबाईच्या डाव्या गालात फोड आला. त्या गालात ती सकाळपासून निजेपर्यंत तंबाखू-चुन्याची गोळी धरून ठेवायची. आधी तिने फोडाला कात लावला, मग हळद, मग एका वैदूचा पाला. फोड ऐकेना. भादव्यात मंदाने निरोप धाडून तिला आपल्याकडे आणवली तेव्हा गालाला बाहेरून सूज होती आणि तोंड उघडायला त्रास होत होता. मंदाला सहावा महिना लागला होता. म्हणून गोंदियाच्या डॉक्टरकडे न्यायचं काम दुधरामवर आलं.

छोट्या रुळांच्या आगगाडीत फुलवंताबाई खिडकीकडे तोंड करून बसली ती गोंदिया येईपर्यंत. डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल पाहिला, बोटाने चाचपला, आणि दुधरामला बाहेर नेऊन म्हणाले, "नागपूर ले जाओ. आज ही. देर मत करो."

"किती दिवस लागतीन जी?"

"कपडे साथ में है?"

"नाही."

"तो ले लेना," डॉक्टर म्हणाले.

दुधरामने बाजारातून एक धोतर आणि सासूसाठी दोन लुगडी घेतली. आठ दिवसांचं काम असेल असं त्याने मनात धरलं होतं. परत यायला माघ उजाडला.

नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात गालाचा तुकडा काढून तपासला. एका तरुण डॉक्टरने दुधरामला बाकावर बसवून समजावलं. आधी डावीकडचे किडके दात काढायचे, सूज उतरवायची. मग गालात रेडियमच्या सुया बसवायच्या. मग ते भरून येईपर्यंत वाट पाहायची, मग मानेला यंत्राने किरणांचा शेक द्यायचा. "चार महिने धरा. आणि खरं सांगतो, निम्मे बरे होतात."

"निम्मे म्हनजे?"

"दोघांतला एक."

दुधरामने हा हिशेब कोणालाच सांगितला नाही. मंदाला पाठवलेल्या कार्डात त्याने लिहिलं की नागपुरात नळाला दोन वेळ पाणी येते आणि मामीजींची (सासूला तो मामीजी म्हणे) तब्येत बरी आहे.

पहिलं संकट मात्र रोगाने आणलं नाही, मेट्रनबाईने आणलं. मेट्रनबाई म्हणजे वार्डाची मुख्य सिस्टर. उंच, काळीसावळी, आवाज असा की बाहेरच्या कडुलिंबावरचे कावळे उडत. तिने सांगितलं, बायकांच्या वार्डात पुरुष फक्त चार ते सहा. रोग्याजवळ राहायला बाई पाहिजे.

"बाई कोठून आनू जी? बायको पोटुशी आहे."

"ते मला माहीत नाही. रूल म्हणजे रूल."

इकडे फुलवंताबाईचे चार दात एका सकाळी काढले होते आणि तोंडाला रक्ताचा बोळा होता. तिला पाणी पाजायलाही कोणी नव्हतं. दुधराम जिथे उतरला होता त्या धर्मशाळेत परतला आणि त्याने सासूसाठी घेतलेलं दुसरं लुगडं पिशवीतून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या वार्डात एक बाई शिरली. डोक्यावर पदर, हातात पेजेचं भांडं, कपाळावर कुंकू. दारावरच्या शिपायाने तिला "जाओ मावशी" म्हणून वाट दिली. ती थेट फुलवंताबाईच्या खाटेपाशी गेली आणि बसली. फुलवंताबाईने डोळे उघडले, पाहिलं, ओळखलं, आणि तोंडात बोळा असल्यामुळे किंचाळता आलं नाही म्हणून डोक्यावरून चादर ओढून घेतली.

पंधरा मिनिटांत मेट्रनबाई येऊन उभी राहिली.

"ऊठ."

बाई उठली.

"त्या खिडकीपर्यंत चालून दाखव."

बाई खिडकीपर्यंत चालून आली.

"या वार्डात अठ्ठावीस बायका आहेत," मेट्रनबाई म्हणाली. "इतकी ठुमकत चालणारी एक पण नाही. पदर काढ."

सगळा वार्ड खाटांवर उठून बसला. दुधरामने पदर मागे सारला. आता शिपायाला हाक जाणार, हे उघड होतं. पण शेजारच्या खाटेवरून एक बाई खदखदून हसली. तिचं हसणं पाहून पलीकडची हसली, आणि ज्यांना हसताना टाके दुखत होते त्या टाके धरून हसल्या. मेट्रनबाईने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

हसू आवरून ती म्हणाली, "सकाळी सात ते संध्याकाळी सहा. धोतर नेसून यायचं. आणि बायकांचं ड्रेसिंग असेल तेव्हा बाहेर. समजलं?"

"समजलं जी."

"आणि पेज कोणी केली ही?"

"मीच."

मेट्रनबाईने भांड्यात चमचा उभा करून पाहिला. चमचा उभाच राहिला. ती पुढच्या खाटेकडे वळली.

शेजारच्या खाटेवर हसलेली ती बाई म्हणजे गोंदियाजवळच्या बिरसीच्या निर्मलाबाई. त्यांनाही हाच रोग होता, पण छातीचा; ऑपरेशन होऊन त्या शेक घ्यायला राहिल्या होत्या. आपल्या बिरसीत लढाईच्या वेळी इंग्रजांनी विमानाचा पट्टा बांधला, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगत. त्यांच्या रूपाने फुलवंताबाईला मध्यस्थ मिळाली. दात काढलेल्या तोंडाने ती बोबडं बोलू लागली तेव्हा पहिलं वाक्य निर्मलाबाईंकडे गेलं.

"निर्मलाबाई, सांगा त्यायले, लुगडं माहं हाये. वापस द्या म्हना."

निर्मलाबाईंनी चार दिवस हे काम केलं. "म्हनते, पानी द्या. म्हनते, उशी वर करा. म्हनते, पेज आहे का कपड्याले घालाची खळ आहे." पाचव्या दिवशी त्यांनी हात टेकले. "बाई, मी काय तारमास्तर आहो? दोघं एका हातावर बसले आहा, बोला की!"

फुलवंताबाई विचारात पडली. रीत मोडायची तिची तयारी नव्हती आणि पाणी तर पाहिजे होतं. खाटेजवळच्या लाकडी पेटीवर पितळेचा गडवा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"गडव्या," ती म्हणाली, "सांग जवाईबापूले, का चादर बदलाची आहे."

दुधरामने क्षणभर गडव्याकडे पाहिलं. दंडारीत त्याने यापेक्षा अवघड सवाल-जवाब केले होते. तो हात जोडून म्हणाला, "गडवेजी, सांगा मामीजीले, का धुतलेली चादर चार वाजता भेटते."

तिथून पुढे दोन महिने सासू-जावयाचं सगळं बोलणं त्या गडव्यामार्फत झालं. नवी बाई वार्डात भरती झाली की तिला आधी हे समजावून सांगावं लागे. एकदा गडवा घासायला नेला होता तर फुलवंताबाई तो येईपर्यंत गप्प बसून राहिली.

रोगाचं नावही गडव्यामार्फतच कळलं. डॉक्टर राउंडला येऊन विद्यार्थ्यांना "कॅन्सर" म्हणून गेले, तेव्हा तिने विचारलं, "गडव्या, इचार त्यायले, थो डाक्टर घडीघडी कंस काऊन म्हनते?"

दुधराम अडखळला. इथे खरं सांगावं की काही तरी सांगावं, हे त्याला ठरवता येईना. "गडवेजी, सांगा मामीजीले, का रोगाचंच नाव आहे थे. लय माजलेला आहे म्हनून."

फुलवंताबाई उशीवरून उठून बसली. "तं मंग मारा लागते त्याले," ती म्हणाली.

त्या दिवसापासून वार्डात सगळ्याच बायका त्या रोगाला कंस म्हणू लागल्या आणि तो तरुण डॉक्टर किसना झाला. त्याला आपल्याला किसना का म्हणतात हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं खरं नाव वेगळंच होतं, पण त्याने तक्रार केली नाही.

केसांची गोष्ट अशीच आपोआप घडली. फुलवंताबाईचे केस अजून कमरेपर्यंत होते, पांढरे आणि दाट. पंधरा दिवस फणी न लागल्याने त्यांचा गुंता झाला. एका सिस्टरने सांगितलं, कापून टाकू. फुलवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दात काढताना आलं नव्हतं. दुधराम उठला, खोबरेल तेल आणि लाकडी फणी घेऊन आला, आणि गडव्याला विचारत बसला नाही. खालून वर, एकेक बट हातात धरून, त्याने दोन तास गुंता सोडवला. एकदाही केस ओढला गेला नाही. मग तेल चोपडून असा घट्ट अंबाडा बांधला की निर्मलाबाई म्हणाल्या, "आता माहा."

संध्याकाळपर्यंत त्याने पाच अंबाडे आणि दोन वेण्या घातल्या. मेट्रनबाई दारात उभी राहून पाहत होती.

"हे कुठे शिकलात?"

दुधरामने सासूकडे पाहिलं. अकरा वर्षांत जिचा विषय घरात निघाला नव्हता ती गोष्ट आता कशी सांगावी? पण फुलवंताबाईनेच उत्तर दिलं. गडव्याला.

"गडव्या, सांग बाईले, जवाई माहा राणीचा पार्ट करते. चिचगडले आलता. म्या स्वता पाह्यली राणी. साजरी होती."

कार्तिक आला. दुधरामच्या बांध्यांतला हलका धान कापणीला आला. त्याचा चुलतभाऊ उदाराम याने कार्ड टाकलं की धान मी कापून घेतो, काळजी करू नको, आणि दंडारीतही तुझ्या जागी मीच राणी होऊन राहिलो. उदारामला झुपकेदार मिशा होत्या आणि तो त्या काढायला तयार नव्हता. दुधरामने ते कार्ड तीनदा वाचलं. मंडईच्या दिवसांत त्याचं मन लागेना. धर्मशाळेच्या अंगणात तीन विटांच्या चुलीवर पेज ढवळताना तो नकळत पायाने ठेका धरायचा. पुढे कळलं की भर खेळात राणीचं लुगडं सुटलं आणि राजाला तलवार टाकून ते धरावं लागलं. याचा दुधरामला मनापासून आनंद झाला, असं तो स्वतःच कबूल करायचा.

त्याच सुमारास रेडियमच्या सुया बसवल्या. फुलवंताबाईला भूल देऊन गालात बारीक सुया ओळीने टोचल्या, त्यांचे दोरे गालाला टाक्याने बांधले, आणि तिला टोकाच्या एकट्या खोलीत ठेवलं. सात दिवस. सुयांची आच दुसऱ्याला बाधू नये म्हणून जवळ कोणी बसायचं नाही. सिस्टरसुद्धा काम आटपून लगेच बाहेर. फुलवंताबाईला बोलता येत नव्हतं, गडवाही उपयोगाचा नव्हता.

दुधरामला खिडकीच्या बाहेर, बागेत, बऱ्याच अंतरावर उभं राहायची परवानगी मिळाली. तो पहिल्या दिवशी नुसता उभा राहिला. ती नुसती पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत त्याला भीती दिसली, तसा तो कडुलिंबाखालच्या मोकळ्या जागी आला. मग त्याने खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं, मान तिरकी केली, आणि आवाज न करता दंडार सुरू केली.

राजाही तोच, राणीही तोच, प्रधानही तोच. राजा शिकारीला गेला, राणी रुसली, प्रधानाने मध्येच विडा खाल्ला. बागेतला माळी पाणी घालायचं विसरला. खिडकीत फुलवंताबाई आधी टक लावून पाहत होती, मग तिने गालाला हात लावला, मग दोन्ही हात हलवून "थांब, थांब" अशी खूण करू लागली, आणि शेवटी उशाचा टॉवेल खिडकीबाहेर फेकला.

मेट्रनबाई धावत आली. "हसवू नका तिला! सुया हलतील!"

"मी हसवलं नाही जी. मी तं दुःखाचा प्रवेश करून राहिलो होतो."

"तुमचं दुःखही नको. सरळ उभं राहा."

दुधराम हात बांधून, तोंड गंभीर करून, शिपायासारखा सरळ उभा राहिला. ते पाहून फुलवंताबाईला आणखीच हसू आलं आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. राहिलेले सहा दिवस तो झाडाखाली तिच्याकडे पाठ करून बसे, म्हणजे तिला हसूही येऊ नये आणि तो तिथे आहे हेही दिसावं.

सुया निघाल्या, ती वार्डात परतली आणि खरे वाईट दिवस आले. गाल आतून भाजल्यासारखा झाला. पाण्याचा थेंब आगीसारखा लागायचा. चोचीच्या पेल्यातून पेजेचं पाणी घोट घोट द्यायचं, तेही ती ढकलून देऊ लागली. अंगावरचं मांस उतरलं. "गडव्या," ती पुटपुटायची, "सांग त्यायले, मले चिचगडले नेऊन टाका." दुधराम समजावायचा, गयावया करायचा, डॉक्टर म्हणतात हे भरून येणार आहे असं शंभरदा सांगायचा. ती तोंड फिरवायची. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी तिने पेला असा झटकला की पेज त्याच्या अंगावर सांडली.

दुधरामने तोंड पुसलं. तो शांत माणूस होता, पण त्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. घरी धान झोडपायचं पडलं होतं, बायकोचे दिवस भरत आले होते, राणी गेली होती, आणि ज्या बाईसाठी हे सगळं ती त्याच्याशी बोलायलाही तयार नव्हती. त्याने पिशवी भरली आणि कोणाला न सांगता स्टेशनचा रस्ता धरला.

स्टेशनावर त्याने गोंदियाचं तिकीट काढलं. गाडीला अवकाश होता. चहा घेतला. मग पान खावं म्हणून सुपारीची डबी काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला चोचीचा पेला लागला. घाईघाईत तोही भरला गेला होता.

तो पेला हातात घेऊन बसला. वार्डात तसा दुसरा पेला होता, पण त्याची चोच रुंद होती. त्यातून पाणी एकदम यायचं आणि तिला ठसका लागायचा. हे सिस्टरला माहीत नव्हतं. हे फक्त त्याला माहीत होतं. गाडी फलाटावर लागली, माणसं चढली. दुधराम उठला आणि उलट्या दिशेने चालू लागला, आणि मग धावू लागला.

वार्डात पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते. फुलवंताबाई उशीला टेकून बसली होती, डोळे दाराकडे. ओठ कोरडे पडले होते. ती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. त्याला पाहताच तिने पदर ओढला नाही, पाठ वळवली नाही, गडव्याकडे पाहिलं नाही.

"कोठी मेला होता रे तू?" ती ओरडली. भाजल्या तोंडाने जेवढं ओरडता येईल तेवढं. "सकारपासून वाट पाहून राहिली ना मी!"

अठ्ठावीस खाटांवरच्या माना एकदम वळल्या. निर्मलाबाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. अकरा वर्षांत सासू जावयाशी पहिल्यांदा बोलली होती, आणि तेही अरेतुरेत.

"टेशनावर गेलतो," दुधराम म्हणाला.

"कायले?"

"घरी जाऊन राहिलो होतो."

"मंग?"

"पेला राहिला माह्याजवळ."

फुलवंताबाईने हात पुढे केला. मग म्हणाली, "आन मंग इकडे. तहान लागली." त्याने पेला भरला. ती सगळं प्यायली. डोळ्यांतून पाणी येत होतं.

एकदा तोंड सुटल्यावर मात्र ती थांबली नाही. अकरा वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. मंदाला कमी दुधाची गाय का दिली, पाचव्या वर्षी आखाडीला माहेरी का पाठवलं नाही, बांधीच्या कडेची मेर वाकडी का आहे. दुधरामने एके दिवशी गडव्याकडे पाहून नुसतं "गडवेजी" म्हटलं, तर तिने गडवा उचलून पेटीत ठेवून दिला.

पुसात कार्ड आलं. मंदाला मुलगी झाली होती, दोघी खुशाल. दुधरामने ते वाचून दाखवलं. फुलवंताबाईने मेट्रनबाईला बोलावून घेतलं आणि तिच्याकडून साखर मागवून सगळ्या वार्डाच्या तोंडात चिमूट चिमूट ठेवली. स्वतःच्या जिभेवर ठेवली तेव्हा ती दचकली. "गोड लागून राहिलं," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी तिला चव आली होती.

निर्मलाबाई तिच्याआधी आठ दिवस घरी गेल्या. जाताना त्यांनी अंबाडा घालून घेतला. पुढच्या वर्षी त्या वारल्याचं कळलं. फुलवंताबाईने त्या दिवशी अंबाडा बांधला नाही.

माघात तिला सोडलं. गाल आत गेला होता, तोंड दोन बोटं उघडायचं, मानेची कातडी शेकाने काळी पडली होती. पण फोड नव्हता. किसना डॉक्टरने बॅटरी लावून पाहिलं, विद्यार्थ्यांना पाहायला लावलं. "तंबाखू बंद. कायमची. आणि सहा महिन्यांनी दाखवायला यायचं."

"येतो जी," दुधराम म्हणाला.

"त्याले कायले सांगता?" फुलवंताबाई म्हणाली. "मले सांगा. तोंड माहं आहे."

गावी आल्यावर लोकांना वाटलं, ती पुन्हा पदर ओढून पाठ वळवेल. नाही वळवली. शेजारच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, एकीने तोंडावर विचारलंही, "जवायासंगं तोंडावर बोलते वं तू?" फुलवंताबाई म्हणाली, "त्यानं माहं तोंड आतून पाह्यलं आहे. आता कोनतं तोंड लपवू?" पुढच्या मंडईत दुधराम पुन्हा राणी झाला. ती पहिल्या रांगेत बसली आणि खेळ चालू असताना मोठ्याने म्हणाली की लुगड्याच्या निऱ्या बरोबर नाहीत.

ती दर सहा महिन्यांनी नागपूरला जात राहिली. विद्यार्थ्यांपुढे तोंड उघडून दाखवायची तिला हौसच लागली. "जवळ या, भेऊ नका," ती पोरांना सांगायची, "चावाले दातच नाहीत तिकडे." चिचगडकडे कोणाच्या गालात फोड दिसला की ती त्याच्या दारात जाऊन बसायची आणि उठायची नाही. सत्तावन्न साली तिने केवलराम नावाच्या जंगलमजुराला असंच धरून नेलं. तो दवाखान्याच्या फाटकातून दोनदा पळाला, दोन्ही वेळा तिने त्याला चहाच्या टपरीवरून परत आणला. तो बरा झाला. तिने नेलेल्या आणखी दोघांतला एक बरा झाला, एक नाही.

साठ सालच्या उन्हाळ्यात तपासणी आटोपल्यावर तिने दुधरामला अडवलं. "पाच महिने राह्यली, आता पाच वर्सं येऊन राहिली, पन नागपूर पाह्यलं नाही म्या. वाघ आहे म्हनते येथी."

दुधराम तिला महाराजबागेत घेऊन गेला. पिंजऱ्यासमोर शहरातल्या बायका लेकरांना छातीशी धरून लांबून पाहत होत्या. फुलवंताबाई थेट पिंजऱ्याच्या गजांपर्यंत गेली. मोहफुलं वेचताना तिने असे वाघ पहाटेच्या उजेडात झाडीआड जाताना पाहिले होते. हा सावलीत आडवा पडून माशा हाकलत होता.

"खाते का पन्‌ बरोबर?" तिने रखवालदाराला विचारलं.

"गर्मी में कम खाता है, माँजी."

"उसको अकेला मत रखो," फुलवंताबाई आपल्या चिचगडी हिंदीत म्हणाली, "कोई जवळ बैठके बोलो उसके संगं." मग तिने दुधरामला तिथेच बाकावर बसवलं, आणि दुपारची गाडी चुकली तरी त्या दोघांनी संध्याकाळपर्यंत वाघ पाहिला.